हुकूमनामा हाती, दरखास्त बाकी : सोर्स कोडपासून सॉफ्टवेअर उभारण्याचा इतिहास

दिवाणी न्यायालयात ज्यांची हयात गेली त्यांना एक गोष्ट कोणी शिकवावी लागत नाही. दाव्याचा निकाल आपल्या बाजूने लागला, हुकूमनामा हाती आला, तरी जमीन ताब्यात येतेच असे नाही. त्यासाठी दरखास्त दाखल करावी लागते आणि खरी दमछाक तेथून पुढे होते. हिंदुस्थानातील पक्षकाराच्या अडचणी हुकूमनामा मिळाल्यावरच सुरू होतात, या आशयाचे निरीक्षण प्रिव्ही कौन्सिलने १८७२ साली नोंदविले होते. दीडशे वर्षांनंतरही वकिलांच्या खोलीत ते त्याच ताजेपणाने सांगितले जाते.

संगणकाच्या जगातही असाच एक हुकूमनामा आहे. त्याचे नाव सोर्स कोड. मुक्त सॉफ्टवेअरचा सोर्स कोड कोणालाही मिळतो, वाचता येतो, बदलता येतो. परंतु तो मिळाल्यानंतर आपल्या यंत्रावर त्याचे चालते सॉफ्टवेअर उभे करू पाहणाऱ्याला जे सोसावे लागते, ते दरखास्तीच्या फेऱ्यांहून कमी नसते. भाषेच्या प्रश्नांना वाहिलेल्या या पानावर हा विषय का, असे कोणी विचारील. आज आपली लिपी, आपला शब्दकोश, आपल्या जुन्या छापील पानांचे वाचन हे सारे सॉफ्टवेअरच्या हाती आहे, आणि त्यातील बरेचसे याच मार्गाने उभे राहते. मराठी पडद्यावर दिसावी की नाही, हे कित्येकदा या उभारणीच्या वेळी ठरते. म्हणून हा इतिहास आपणही जाणून घ्यावा असे आम्हांस वाटते.

सोर्स कोड म्हणजे काय, आणि बांधणी म्हणजे काय

माणसाने लिहिलेल्या आज्ञांचा मजकूर म्हणजे सोर्स कोड. संगणकाला तो जसाच्या तसा कळत नाही. कंपायलर नावाचे दुसरे सॉफ्टवेअर त्या मजकुराचे यंत्राला कळणाऱ्या आकड्यांत रूपांतर करते. मोठ्या सॉफ्टवेअरमध्ये असे शेकडो मजकूर असतात. त्यांचे एकामागून एक रूपांतर करून, इतरांनी आधी लिहून ठेवलेल्या लायब्रऱ्यांशी त्यांची सांधजोड करून अखेर चालणारी वस्तू तयार होते. या साऱ्या क्रियेला इंग्रजीत बिल्ड म्हणतात. आम्ही येथे बांधणी म्हणू.

मोडी दस्तऐवज घरात असलेल्या कुटुंबांना याचा अर्थ चटकन उमगेल. दस्त खरा, शिक्का खरा, हक्कही आपलाच. पण मोडी वाचणारा सापडेपर्यंत तो कागद मुकाच राहतो. सोर्स कोडच्या बाबतीत वाचणारा एकच असून भागत नाही. नेमक्या आवृत्तीचा कंपायलर, नेमक्या आवृत्तीच्या लायब्रऱ्या, नेमकी साधने आणि ती जोडण्याचा नेमका क्रम, इतके जुळून यावे लागते. हे ज्ञान बहुधा मजकुरात लिहिलेले नसते. ते लिहिणाऱ्याच्या डोक्यात आणि त्याच्या यंत्रावर राहते. बांधणीचा सारा इतिहास म्हणजे हे अलिखित ज्ञान लिखित करण्याच्या प्रयत्नांचा इतिहास होय.

टेपेवरचे युनिक्स आणि वाया गेलेली एक सकाळ

अमेरिकेत एटी अँड टी या दूरध्वनी कंपनीवर १९५६ सालच्या न्यायालयीन तडजोडीने निर्बंध आले होते. दळणवळणाखेरीज इतर धंद्यांत तिला उतरता येत नव्हते. त्यामुळे तिच्या बेल प्रयोगशाळेत जन्मलेली युनिक्स ही कार्यप्रणाली १९७०च्या दशकात विद्यापीठांना अल्प शुल्कात, सोर्स कोडसह, चुंबकीय टेपेवर मिळू लागली. मदतीची हमी मात्र कसलीच नव्हती. टेप आली की पुढचे तुमचे तुम्ही पाहा, असा मामला. विद्यापीठांतील मंडळी एकमेकांना पत्रे पाठवून, दुरुस्त्या वाटून घेऊन काम भागवीत. स्पर्धाविषयक कायद्याच्या एका तडजोडीतून सोर्स कोड वाटण्याची ही परंपरा फोफावली, ही गोष्ट कायद्याच्या अभ्यासकाला विशेष रोचक वाटेल.

त्याच प्रयोगशाळेत १९७६ साली घडलेला एक प्रसंग प्रसिद्ध आहे. स्टीव्ह जॉन्सन या संशोधकाने आपल्या प्रोग्रॅममधील चूक शोधण्यात एक पूर्ण सकाळ घालविली. चूक त्याने आधीच दुरुस्त केलेली होती. पण दुरुस्त केलेल्या मजकुराचे नव्याने रूपांतर करायचे राहून गेले होते, म्हणून जुनाच प्रोग्रॅम चालत होता. त्याचा वैताग ऐकून सहकारी स्टुअर्ट फेल्डमन याने ‘मेक’ नावाचे साधन लिहिले. कोणती वस्तू कोणत्या मजकुरावर अवलंबून आहे, हे एका फाइलीत लिहून ठेवायचे. मेक प्रत्येक फाइलीची वेळ पाहते आणि जे बदलले असेल तेवढेच पुन्हा बांधते. बांधणीची रीत प्रथमच अशी कागदावर उतरली. या कामासाठी फेल्डमनला २००३ साली एसीएम या संस्थेचा सॉफ्टवेअर सिस्टिम पुरस्कार मिळाला.

या साधनाबरोबर एक पीडाही जन्मली. मेकच्या फाइलीत आज्ञेची ओळ टॅबच्या खुणेने सुरू झालीच पाहिजे. तितक्याच रुंदीच्या साध्या मोकळ्या जागा चालत नाहीत. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात आणि बांधणी मात्र थांबते. हा दोष फेल्डमनच्या लवकरच लक्षात आला होता. पण तोवर डझनभर लोक मेक वापरू लागले होते आणि त्यांची गैरसोय नको म्हणून त्याने तो तसाच ठेवला. बारा जणांच्या सोयीसाठी राखलेला हा नियम पुढे जगभरच्या प्रोग्रॅमरांनी सोसला. शिवाय मेकचा सारा भरवसा फाइलीच्या वेळेवर असल्याने, यंत्राचे घड्याळ मागेपुढे झाले तरी त्याची फसगत होते.

परवान्यातील एक सूक्ष्म व्याख्या

मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन काम करीत असता तेथील झेरॉक्सच्या नव्या छपाईयंत्राचा सोर्स कोड मिळेना, त्यामुळे यंत्राच्या वागण्यात सुधारणा करता येईना. या व अशा अनुभवांतून त्यांनी २७ सप्टेंबर १९८३ रोजी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. १९८५ साली फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन स्थापन झाले, १९८७ साली ग्नूचा सी कंपायलर आला, १९८९ साली जीपीएल हा परवाना आणि १९९१ साली त्याची दुसरी आवृत्ती आली.

या दुसऱ्या आवृत्तीतील तिसऱ्या कलमाकडे आम्ही वकील म्हणून वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. तेथे सोर्स कोडची व्याख्या केवळ प्रोग्रॅमच्या मजकुरापाशी थांबत नाही. बदल करण्यासाठी जे रूप पसंत केले जाते ते रूप म्हणजे सोर्स, असे ती सांगते. आणि पूर्ण सोर्स कोडमध्ये सर्व भाग, त्यांच्या सांधणीच्या व्याख्यांच्या फाइली, तसेच बांधणी व प्रस्थापना नियंत्रित करणाऱ्या आज्ञाफाइलीही समाविष्ट करते. मजकूर दिला पण तो उभा करण्याची रीत दिली नाही, तर देणे अपुरे राहिले, हे मसुदा लिहिणाऱ्यांनी ओळखले होते. हुकूमनाम्यातच दरखास्तीची तरतूद करून ठेवावी तसे हे कलम आहे.

तीन आज्ञांचे युग

१ जानेवारी १९८४ रोजी एटी अँड टीचे विभाजन झाले, जुने निर्बंध उठले आणि युनिक्स हा उघड धंदा बनला. सन, एचपी, आयबीएम, डिजिटल अशा प्रत्येक कंपनीने आपले वेगळे युनिक्स काढले. नाव एक, पण कोठे एखादी आज्ञा नाही, कोठे फाइल दुसऱ्याच जागी, कोठे तेच काम वेगळ्या नावाने. एका यंत्रावर बांधला जाणारा मजकूर शेजारच्या यंत्रावर अडू लागला.

लॅरी वॉल याने १९८४ साली आपल्या आरएन या प्रोग्रॅमसोबत ‘कॉन्फिगर’ नावाची आज्ञाफाइल दिली. ती यंत्राची तपासणी करी, काय आहे व काय नाही ते पाही आणि त्यानुसार बांधणीची जुळणी करी. १९९१च्या जूनमध्ये डेव्हिड मॅकेन्झी याने ग्नूच्या छोट्या छोट्या साधनांसाठी अशाच आज्ञाफाइली लिहिता लिहिता त्या आपोआप निर्माण करणारे ऑटोकॉन्फ रचले. पुढे ऑटोमेक आणि लिबटूल हे त्याचे सोबती आले. यांतून ती सुप्रसिद्ध त्रिसूत्री रूढ झाली : आधी ‘कॉन्फिगर’, मग ‘मेक’, मग ‘मेक इन्स्टॉल’. तीन आज्ञा दिल्या की काम फत्ते, असे प्रत्येक पुस्तिकेत लिहिलेले असे.

प्रत्यक्षात काय होई? पहिली आज्ञा देताच पडद्यावर ओळी धावू लागत. अमुक आहे का, तमुक सापडते का, एकेक तपासणी, एकेक उत्तर. शंभराव्या ओळीवर एखादी लायब्ररी सापडली नाही म्हणून काम थांबे. ती आणावी तर तिला आणखी दोन हव्यात. त्या दोहोंपैकी एकीला नवा कंपायलर हवा. नवा कंपायलर घातला तर कालपर्यंत चालणारे तिसरेच काही बंद पडावे. या चक्रव्यूहाला इंग्रजीत परावलंबनाचा नरक अशा अर्थाचे नाव पडले आहे. नवख्याला सर्वांत गोंधळात टाकणारा प्रकार याहून साधा असतो. लायब्ररी यंत्रावर आहे हे त्याला दिसते, तरी कॉन्फिगर ती नाही असे सांगते. कारण चालविण्यासाठी लागणारी लायब्ररी आणि बांधणीसाठी लागणाऱ्या तिच्या व्याख्यांच्या फाइली यांची वेगवेगळी पुडकी केलेली असतात आणि दुसरे पुडके मुद्दाम मागून घ्यावे लागते. मूळ दस्त आहे पण प्रमाणित नकल जोडली नाही म्हणून अर्ज परत यावा, तसाच हा अनुभव.

कॉन्फिगरची ही आज्ञाफाइल ऑटोकॉन्फने निर्माण केलेली, हजारो ओळींची, माणसाने वाचावी अशी नसतेच. ती अडली तर कोठे व का अडली हे सांगणारी नोंदवही वेगळी, तिचीही भाषा तज्ज्ञांची. अलिखित ज्ञान लिहिले गेले खरे, पण अशा लिपीत की ते वाचणारे पुन्हा मोजकेच राहिले.

मध्यस्थांचा उदय

या त्रासावर उपाय म्हणून बांधणीचे काम मध्यस्थांनी अंगावर घेतले. लिनक्सचा जन्म १९९१चा. १९९३च्या ऑगस्टमध्ये इयन मर्डॉकने डेबियनची घोषणा केली. १९९४ साली फ्रीबीएसडीचा पोर्ट्‌स हा संग्रह आला. १९९५च्या सुमारास रेड हॅटची आरपीएम ही पद्धती आली. डेबियनच्या स्वयंसेवकांनी हजारो सॉफ्टवेअरे स्वतः बांधून, कोणाला काय लागते याची नोंद प्रत्येक पुडक्यात लिहून ठेवली. एका आज्ञेसरशी सारे जोडीदार आपोआप येऊ लागले. सामान्य वापरणाऱ्याच्या डोक्यावरचे ओझे त्यांनी उचलले.

मध्यस्थ आला की त्याच्या निर्णयाचे परिणामही वाट्याला येतात. रेड हॅटने २००० साली आपल्या सातव्या आवृत्तीत २.९६ या क्रमांकाचा कंपायलर दिला. ग्नूच्या कंपायलर मंडळाने असा क्रमांक कधी प्रकाशितच केलेला नव्हता. विकास चालू असताना घेतलेली ती मधली प्रत होती. मंडळाला तसे जाहीर निवेदन काढावे लागले. तोपर्यंत कित्येक प्रकल्पांकडे बांधणी अडल्याच्या तक्रारींचा ओघ सुरू झाला होता. उलट टोकाला २००२ साली पहिली आवृत्ती काढणाऱ्या जेंटूने वापरणाऱ्याच्या यंत्रावरच सर्व काही सोर्सपासून बांधण्याचा मार्ग धरला. मोठे सॉफ्टवेअर रात्रभर बांधत ठेवायचे आणि सकाळी उठून पाहावे तर ते मध्यरात्रीच एका चुकीपाशी थांबलेले, हा अनुभव त्या पंथात नवा नव्हता.

भाषेचे भवितव्य एका कळीवर

आता आपल्या भाषेकडे येऊ. सॉफ्टवेअरमधील इंग्रजी वाक्यांची भाषांतरे वेगळ्या फाइलीत ठेवून चालवितेवेळी योग्य भाषा दाखविण्याची सोय ग्नूने १९९५ साली गेटटेक्स्ट या साधनाद्वारे केली. प्रत्येक भाषेला संकेत असतो. मराठीचा संकेत ‘एमआर’. मराठी स्वयंसेवकांनी ग्नोम, केडीई, फायरफॉक्स यांची भाषांतरे अशाच पद्धतीने वर्षानुवर्षे केली, बहुतेक विनामोबदला.

परंतु ही भाषांतरे वापरणाऱ्यापर्यंत पोहोचतील की नाही, हे बांधणीच्या वेळी ठरते. गेटटेक्स्ट वापरणाऱ्या प्रकल्पांच्या कॉन्फिगरला भाषांची सोयच बंद ठेवण्याचा पर्याय देता येतो. बांधणी गेटटेक्स्टपाशी अडली की अनुभवी माणसे सहज सल्ला देतात की तो पर्याय लावून टाका, काम होईल. काम होतेही, सॉफ्टवेअर उभे राहते, फक्त इंग्रजीत. दुसऱ्या एका सोयीने कोणत्या भाषा बसवायच्या त्यांची यादी देता येते. यादीत नसलेल्या भाषांची भाषांतरे तयार असूनही बसविली जात नाहीत. यात कोणाचा द्वेष नाही, दुष्ट हेतू नाही. अडलेली बांधणी लवकर पुरी करावी एवढाच विचार आहे. तरीही एखाद्याच्या कित्येक रात्रींच्या मराठी श्रमांवर त्या एका पर्यायाने पाणी पडते.

लिपीच्या बाबतीत याहून ठळक उदाहरण फायरफॉक्सचे. देवनागरीत अक्षरे एकापुढे एक मांडून भागत नाही. ऱ्हस्व वेलांटी उच्चारात व्यंजनानंतर येते आणि लेखनात त्याच्या आधी बसते. जोडाक्षरे घडावी लागतात. रफार मागच्या अक्षरावरून पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जातो. लिनक्सवर ही जुळणी पँगो नावाची लायब्ररी करीत असे. फायरफॉक्सची तिसरी आवृत्ती २००८ साली येईपर्यंत मोझिलाची लिनक्ससाठीची अधिकृत तयार प्रत पँगोविना बांधलेली असे. तिच्यात मराठी पान उघडले की वेलांट्या भलत्या जागी आणि जोडाक्षरांच्या जागी पाय मोडलेली अक्षरे दिसत. फेडोरासारख्या वितरकांनी तोच सोर्स कोड पँगोसह बांधला की तेच पान शुद्ध दिसे. मजकूर एकच, परवाना एकच. फरक केवळ बांधणीच्या एका पर्यायाचा. आजही चित्रावर अक्षरे उमटविणारी पिलोसारखी लायब्ररी राक्म या जोडीदाराविना बांधली गेली तर देवनागरीची अशीच दशा होते.

छापील मराठी पानांचे वाचन करणारे टेसरॅक्ट हेही या रांगेतलेच. ह्यूलेट-पॅकर्डमध्ये जन्मलेले हे सॉफ्टवेअर २००५ साली मुक्त झाले. त्यात मराठीसाठी तयार प्रशिक्षण-फाइल मिळते, पण जुन्या खिळ्यांच्या छपाईसाठी त्याला नव्याने शिकवायचे म्हटले तर प्रशिक्षणाची साधने वेगळी बांधावी लागतात, आणि त्यांना आयसीयू, पँगो व कैरो या लायब्रऱ्यांच्या बांधणीच्या फाइली हव्यात. जुनी मराठी पाने वाचविण्याचा संकल्प सोडणाऱ्याची पहिली झुंज अशा प्रकारे लायब्रऱ्यांशीच होते.

भाषेच्या अभ्यासकांनी आणखी एक बाब ध्यानात घ्यावी. संगणकाला देश-भाषेची जी मांडणी दिलेली असते तिला लोकेल म्हणतात. तुर्की भाषेत इंग्रजी मोठ्या ‘आय’चे लहान रूप बिंदूविना असते. त्यामुळे तुर्की लोकेल असलेल्या यंत्रावर मोठ्या अक्षरांची लहान अक्षरे करणारे कित्येक प्रोग्रॅम शब्द ओळखेनासे झाले आणि बांधण्या अडल्या. यावर प्रोग्रॅमरांनी काढलेला सरसकट उपाय असा की बांधणी चालू असेपर्यंत ‘सी’ नावाचे लोकेल लावायचे. ऑटोकॉन्फने घडविलेल्या आज्ञाफाइली आरंभीच तसे करतात. हे लोकेल तटस्थ म्हणवते. त्याची भाषा मात्र इंग्रजीच. तांत्रिक दृष्टीने उपाय योग्य आहे. पण तटस्थतेच्या नावाखाली एकच भाषा गृहीत धरली जाते, हे सीमाभागातील वाचकांना वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

न्यायालयाच्या दारात

परवान्यातील ती व्याख्या कागदावर किती काळ राहिली? २००३ साली लिंक्सिस या कंपनीच्या एका घरगुती राउटरमध्ये लिनक्स असल्याचे उघड झाले. मागणी वाढल्यावर कंपनीने सोर्स कोड प्रसिद्ध केला आणि त्यावरून पुढे ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प उभा राहिला. १९ मे २००४ रोजी म्युनिकच्या न्यायालयाने हाराल्ड वेल्टे यांच्या दाव्यात सिटकॉमविरुद्धची मनाई कायम ठेवून जीपीएलची बंधनकारकता मान्य केली. २००७ साली अमेरिकेत बिझीबॉक्सच्या लेखकांनी दावा दाखल केला आणि तो काही आठवड्यांतच तडजोडीने मिटला.

त्याच सुमारास टिवो या चित्रमुद्रण यंत्राने नवा पेच उभा केला. कंपनी सोर्स कोड देई. तो बांधताही येई. पण आपण बांधलेली प्रत यंत्रात घातली की यंत्र ती चालू देत नसे, कारण तिच्यावर कंपनीची सांकेतिक सही नसे. हक्काचा मजकूर हाती, बांधणीही पुरी, आणि घराचे दार आतून बंद. २९ जून २००७ रोजी आलेल्या जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीत म्हणून घरगुती उपकरणांच्या बाबतीत प्रस्थापनेसाठी लागणारी माहितीही देण्याचे बंधन घालण्यात आले. २०२१ साली सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सी या संस्थेने कॅलिफोर्नियात व्हिझिओ या दूरचित्रवाणी संच बनविणाऱ्या कंपनीवर दावा केला. त्यात तिने लेखकाच्या नव्हे तर ग्राहकाच्या नात्याने, कराराचा लाभधारक म्हणून, सोर्स कोड मागितला. कागदावरील हक्क कोण बजावू शकतो, हा प्रश्न यातून पुढे आला.

कंटाळ्यात दडलेला चोर

बांधणीचा त्रास हा केवळ वेळेचा अपव्यय आहे असे मानणाऱ्यांसाठी २०२४चे उदाहरण पुरेसे आहे. केन थॉम्पसन यांनी ट्युरिंग पुरस्काराच्या निमित्ताने दिलेल्या आणि १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानात दाखवून दिले होते की कंपायलरमध्येच चोरवाट दडविली तर सोर्स कोड कितीही वाचला तरी ती सापडणार नाही. चाळीस वर्षांनी, २९ मार्च २०२४ रोजी, आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने एक्सझेड या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या लायब्ररीच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरवाट असल्याचे जाहीर केले. दूरस्थ यंत्रात प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद अधिक का लागतो, याचा माग काढता काढता ती त्याला सापडली. ती चालू करणारी ओळ सार्वजनिक संग्रहातील सोर्स कोडमध्ये नव्हती. ती वाटपासाठी बांधलेल्या गठ्ठ्यातील ऑटोकॉन्फच्या एका साहाय्यक फाइलीत होती, आणि विषारी भाग चाचणीच्या बिघडलेल्या भासणाऱ्या फाइलींत. चोराने जागा अचूक हेरली होती. त्या हजारो ओळी कोणीच वाचत नाही, हे त्याला ठाऊक होते.

यावरचा सर्वांत प्रामाणिक प्रयत्न म्हणजे पुनरुत्पाद्य बांधणीची चळवळ. डेबियनमध्ये २०१३ पासून तिने जोर धरला. एकच सोर्स कोड दोन वेगळ्या माणसांनी दोन वेगळ्या यंत्रांवर बांधला तर दोन्ही वस्तू अगदी शेवटच्या अंकापर्यंत सारख्या निघाल्या पाहिजेत, हा तिचा आग्रह. बांधणीची तारीख, फोल्डरचे नाव, फाइलींचा क्रम, लोकेल अशा बारीकसारीक कारणांनी फरक पडतो. ती कारणे एकेक शोधून दूर केली जात आहेत. २०२३ साली ग्नू गिक्स या प्रकल्पाने अवघ्या ३५७ बाइट्सच्या बीजापासून आरंभ करून सारी साधने सोर्सपासून चढत्या क्रमाने बांधून दाखविली. साक्षीदाराची उलटतपासणी व्हावी तशी ही सॉफ्टवेअरची उलटतपासणी आहे, आणि आम्हांस ती फार मोलाची वाटते.

आपण काय करावे

बृहन्महाराष्ट्रातील संस्था आता आपली साधने स्वतः करवून घेऊ लागल्या आहेत. कोठे जुन्या नियतकालिकांचा संग्रह, कोठे शब्दकोश, कोठे मोडीच्या वाचनाचे साधन. वर्गणीतून आणि देणगीतून आलेला पैसा त्यात पडतो. साधन तयार होते, उद्‌घाटन होते. आणि ते करणारा तरुण चार वर्षांनी दुसऱ्या शहरी गेला की एका नव्या आवृत्तीसरशी ते बंद पडते. सोर्स कोडची तबकडी कपाटात असते, आणि ती उभी कशी करायची हे सांगणारा कोणी उरत नाही.

म्हणून संस्थांच्या कार्यवाहांना आमची विनंती आहे की असा करारनामा करताना चार कलमे आवर्जून घालावीत. पहिले, सोर्स कोडबरोबर बांधणीच्या सर्व आज्ञाफाइली आणि वापरलेल्या प्रत्येक साधनाचा व लायब्ररीचा आवृत्ती-क्रमांक लेखी मिळावा. दुसरे, ज्या लायब्रऱ्यांवर काम अवलंबून आहे त्यांच्या त्या त्या आवृत्तीच्या प्रतीही सोबत जपून ठेवाव्यात, कारण आज जे महाजालावर आहे ते दहा वर्षांनी तेथे असेलच असे नाही. तिसरे, बांधणीची रीत मराठीतही लिहून घ्यावी. चौथे आणि सर्वांत महत्त्वाचे, शेवटचा हप्ता देण्यापूर्वी ज्याने ते साधन केले नाही अशा तिसऱ्या माणसाने कोऱ्या यंत्रावर, केवळ त्या लेखी सूचनांच्या आधारे, ते बांधून दाखवावे, आणि त्यात मराठी अक्षरे शुद्ध दिसतात की नाही ते कार्यकारिणीने डोळ्यांनी पाहावे. तिसऱ्या माणसाला ते जमले नाही, तर काम पुरे झाले नाही असेच समजावे.

या चार कलमांचा मसुदा ज्या संस्थांना हवा असेल त्यांना तो आम्ही आनंदाने तयार करून देऊ.